भिवामामांचे कान

तिसगाव, २१ ऑक्टोबर १९७२

काटा हलला नाही, म्हणून मी भिवामामांना खोटं पाडलं.

डॉक्टरांची जीप मामाच चालवतात. करंजी घाटात गाडी घालायला ते नको म्हणतात, आणि डॉक्टरांना तो कामचुकारपणा वाटतो. आज दुपारी दोघं गॅरेजवर आले. मामा म्हणाले, "इंजन धापा टाकतंय. मला रोज ऐकू येतंय न्हवं." मी व्हॅक्यूम गेज लावला. इंजिन हवा किती ओढतं ते त्यावर कळतं, आणि व्हॉल्व्ह गळत असला की काटा थरथरतो. काटा सावकाश चढला आणि दगडासारखा उभा राहिला. मी म्हणालो, "इंजिन ठीक आहे. मामांचे कान थकले." हे दुसरं वाक्य कशाला बोललो?

डॉक्टरांनी तिथंच त्यांना कामावरून काढलं. मामा भांडले नाहीत. "काटा कशाला खोटं बोलंल?" म्हणाले, जीपची किल्ली माझ्या हातात दिली आणि पायी निघाले.

संध्याकाळी गेज पुसताना त्याच्या हवेच्या भोकात लाल काहीतरी दिसलं. खंडेनवमीचं कुंकू. हत्यारांच्या पूजेला मीच ओलं बोट तिथं दाबलं होतं. भोक बुजत आलं की काटा सावकाश चढतो आणि थरथर दाखवत नाही; तो तसा चढला, तेव्हाच कळायला हवं होतं. तारेनं भोक मोकळं करून गेज दारातल्या जीपला पुन्हा लावला. काटा थरथरत राहिला.

किल्ली अजून माझ्या खिशात आहे. सकाळी डॉक्टरांना घेऊनच मामांच्या घरी जाईन. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, ते मामांनाच ऐकून सांगायला लावीन.