चाळीस सेकंदांची क्लिप

३ मार्च, मंगळवार
मामांनी कत्तलखान्यात चिकटवून दोन महिने झाले. काम एकच — बकरीच्या डोक्याला करंटचा चिमटा लावायचा. ती बेशुद्ध पडली की कसाई कापतो. कायदाच आहे तसा. आमच्याकडे सूट फक्त सुरीवाल्या काकांना. ते ज्यू. दर मंगळवारी येऊन त्यांच्या लोकांसाठी शुद्धीतलंच जनावर कापतात. कापण्याआधी आणि नंतर सुरीची धार नखावर फिरवून बघतात. आज नंतर बारीक खाच लागली. म्हणाले, "ही बकरी आमच्यात चालणार नाही."
मामा हसले, "अहो काका, दिसत पण नाही!"
"मला लागली ना!"

५ मार्च
ती भेटली! कॉलेज सुटलं, ती काही डोक्यातून सुटली नाही. प्राण्यांसाठी काम करते. काकांची सूट रद्द व्हावी म्हणून अर्ज केलाय. "शुद्धीत गळा चिरायचा, आणि वर धर्म म्हणायचं?" मला पटतंही थोडं.
"तू आतला माणूस. आपल्याला एक क्लिप हवी."
आपल्याला म्हणाली! आपल्याला!!

१० मार्च, मंगळवार
क्लिप दिली. काकांची नाही. त्यांची बकरी दहा सेकंदांत निपचित झाली. ही आमच्या लाइनवरची — माझा चिमटा नीट बसला नाही, कसायाने न बघता सुरी फिरवली. चाळीस सेकंद तडफडली.
"म्हाताऱ्याचीच ना?"
मी — हो.
ती रडली. माझा हात धरला. लिहायची लाज वाटते, पण बकरीपेक्षा तो हातच जास्त आठवतोय.

१२ मार्च
जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हा असाच बसला होतास. आता कुणाच्या अंगावर धावून गेलास?"
कुणाच्याच नाही गं.

१७ मार्च
सुनावणी. क्लिप लावली. त्यात नुसती बकरी दिसते, माणूस नाही. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली. आता ओरडतील, माझी नव्हे! — मग मीही उठेन, असं ठरवलं होतं.
ते म्हणाले, "हल्ली नजर अधू झालीय. माझी नाही, असं शपथेवर नाही सांगता येत." सुरी फडक्यात गुंडाळून सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवली. निकालालाही थांबले नाहीत.
सरांच्या टेबलावर मूठ आपटून कॉलेज सोडणारा मी! बाकावरून हललो नाही.

१८ मार्च
खरं सांगितलं. आधी तिला — तिने फोनच ठेवला. मग काकांच्या घरी जाऊन. चिमटा नीट बसला नव्हता, चूक झाली, म्हटलं.
त्यांनी एवढंच विचारलं, "पुन्हा लावता आला असता ना? तेवढा वेळ चिमटा कुठे होता?"
काखेत. दोन्ही हातांनी फोन धरला होता.