कोळशातले पांढरे खडे

कारंजा लाड,
दि. ९ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप देवमनमामांच्या सेवेशी,

इंद्रभानचा सविनय जयभीम. मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. माझी तब्येत बरी आहे. फक्त सोमवारपासून डोळ्यांतून पाणी येते, त्याचे कारण सविस्तर लिहितो.

येथील तेलगिरणीत साहेबांनी प्रयोगाला नवी भट्टी बसवली आहे व तीवर माझी नेमणूक आहे. (प्रयोग जमला तर मी कायम, नाही तर भट्टी नागपूरला परत आणि मी गावी रिठदला.) तीत खालून पंख्याची हवा सोडली की तापलेली वाळू आधणासारखी उसळते आणि त्या वाळूतच कोळसा जळतो. आमचा कोळसा हलका, गंधकाचा. त्याचा धूर नाकात गेला की माणूस बोलायचे विसरतो. यावर उपाय म्हणजे कोळशात ज्वारीच्या दाण्याएवढी चुनखडी मिसळायची. ती गंधक भट्टीतच धरून ठेवते. रविवारी मी पाच टोपल्यांस एक टोपली अशी मोजून (व दोनदा चाळून) मिश्रण केले, ढिगावर तरट टाकले आणि निश्चिंत झोपलो.

सोमवारी दुपारी साहेब, शेठजी आणि धुराची तक्रार करणारे दोन शेजारी समोर उभे. भट्टी पेटली. पाच मिनिटांत शेठजींनी धोतराचा सोगा नाकाला लावला व शेजारी रस्त्यापलीकडे जाऊन शिव्या देऊ लागले. मी ढीग उकरून पाहिला. काळाकुट्ट! औषधाला एक पांढरा खडा नाही. गिरणीत शेंगदाणे निवडायला येणाऱ्या भागिरथाबाईंनी चार बायांना घेऊन सकाळपासून सुपाने पाखडून सगळी चुनखडी वेगळी काढली होती आणि फाटकातल्या खड्ड्यात ओतली होती!

मी जाब विचारला, तर उलट मलाच, "काहून वरडून राह्यला रे बाबू? कोळशात गोटे भरून देल्ले, तुले दिसले नाई, अन् आमी निवडले तं आमच्यावरच डाफरून राह्यला?" मग साहेबांना म्हणाल्या, "वजनात मारलं तुमाले, साहेब." साहेबांनी त्यांना हात जोडले. अशा लोकांत शास्त्रीय काम कसे करावे, ते आपणच सांगा.

आपला आज्ञाधारक भाचा,
इंद्रभान

ता. क. शनिवारी पुन्हा भट्टी पेटवायची आहे. त्याआधी, तो ढीग निवडायला कोणी सांगितले, याची साहेब चौकशी करणार आहेत.

ता. क. दुसरा : मीच सांगितले. गेल्या शनिवारी त्या जागी शेंगदाण्यांचा ढीग होता, म्हणून "सोमवारी आल्याबरोबर एवढा ढीग निवडा, एक खडा राहता कामा नये" असे बजावले. रविवारी शेंगदाणे घाण्यावर गेले आणि मोकळी जागा बघून मी तिथेच कोळसा ओतला.

ता. क. तिसरा : भागिरथाबाई मामींच्या माहेरच्या आहेत. साहेबांसमोर त्यांनी माझे नाव घेऊ नये, असे मामींकडून त्यांना पत्राने कळवावे. त्यांना वाचता येत नाही. पत्रे त्या माझ्याकडूनच वाचून घेतात. तरी मजकुरात माझ्याविषयी दोन बरे शब्द घालावेत. वाचताना ते पदरचे घालायला मला लाज वाटेल.