काळविटांचा माळ आणि तीन दगड

२ जून २०२४, सकाळ

माळ वन्यजीव समितीच्या अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. समितीत आम्ही तिघेच, पण एकमत ते एकमत. माझ्या लहानपणी मांजरसुंब्याच्या वरच्या माळावर काळविटांचे कळप होते. आता औषधालाही नाहीत. बाहेरून सहा आणून सोडायला मंजुरी मिळाली आहे.

संकल्प : रोज पहाटे पाचला माळावर फेरी. उद्यापासून. आज सत्कारामुळे दमलो.

३ जून

उठायला साडेआठ झाले. पण पडल्या पडल्या विचार केला. माळाचा शत्रू नंबर एक म्हणजे मेंढरू. मेंढरं तिथे फक्त बंकट धनगराची. उद्यापासून माळ बंद, असा निरोप धाडला.

५ जून

बंकट आणि त्याची आई रतनबाई दारात. चार पिढ्या तिथेच चारतात म्हणे. बंकट म्हणाला, "अर्जुनराव मालक, मेंढराचं तोंड न्हाई लागलं तर गवत लई माजतंय. हरणाला लांबचं दिसाय पायजे, तवा ते थांबतंय." पुस्तकात तसं नाही, असं मी ठणकावलं. (पुस्तक मागवलं आहे.)

रतनबाई सांगत होती की ते माळाचे चार तुकडे करतात, आणि दर साली एक तुकडा बिरोबाच्या नावाने सोडतात. त्यात मेंढरू घालत नाहीत. अंधश्रद्धा, दुसरं काय! "मंग आमी जावं कुठं?" हा तिचा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही.

९ जून

कुंपण पूर्ण. माळावर जागोजागी तीन-तीन दगड मांडलेले सापडले. पोरांचे खेळ असणार. सगळे गोळा करून पाटीचा ओटा बांधून घेतला. पाटीवर माझं नाव मोठं आलं आहे, काळविटांचं जरा बारीक.

दगड उचलताना टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून फार ओरडल्या. स्वागत असावं.

२० ऑगस्ट

गवत कमरेला! वेड्या बाभळीही आपोआप उगवल्या. बंकटला बोलावून दाखवावं असं वाटलं. तो सध्या गावातल्या सिदूच्या पडीक रानात मेंढरं चारतो. पहाटेची फेरी सोमवारपासून नक्की.

१४ ऑक्टोबर

ऐतिहासिक दिवस. सहा काळविटं सोडली. पिंजरा उघडला तशी गवतात घुसली ती घुसलीच. फोटोत मी पूर्ण आलो आहे, काळविटं शेपटीपुरती.

२२ ऑक्टोबर

आज दिसलेली काळविटं : शून्य. म्हणजे जुळवून घेत आहेत.

२९ ऑक्टोबर

शून्य. छान जुळवून घेत आहेत. दुर्बिणीचं झाकण तीन दिवस काढलंच नव्हतं, पण काढल्यावरही शून्यच.

३ नोव्हेंबर, दुपार

बंकट आला. "मालक, तुमची सहाबी जनावरं माझ्या मेंढरात चरतेत. कुंपणावरून उड्या टाकून आली. माझी कुत्री बांधून ठिवलीत म्या." गवतात त्यांना पुढचं दिसेना म्हणून भ्याली, असं त्याचं म्हणणं. फाटक उघडा, मेंढरं आत घालतो, मागोमाग हरणंही येतील, म्हणाला.

जाताना ओट्याजवळ थांबला. म्हणाला, टिटवीने उघड्यावर अंडी घातली की आम्ही भोवती तीन दगड मांडतो, म्हणजे मेंढरं वळसा घालून नेता येतात. ओट्यात असले किती दगड आहेत ते मोजू लागला. मीच त्याला घाई केली.

रात्री जेवण गेलं नाही. पण अध्यक्षाने लगेच माघार घेणं बरं दिसत नाही.

४ नोव्हेंबर

तोडगा सापडला. मेंढरंच हलली तर काळविटं मुकाट्याने घरी येतील. सिदूला दम दिला, त्याने बंकटला रानातून उठवलं. बंकट त्याच संध्याकाळी मेंढरं हाकत निघून गेला. हे एक बरं झालं.

१९ नोव्हेंबर

मेंढरं गेली, बंकटची कुत्री गेली, तो गेला. काळविटं राखणीविना उघडी पडली. ढाब्यांवरच्या मोकाट कुत्र्यांनी काल एक मादी फाडली. बाकीची पाच कुठे पांगली ते कुणालाच ठाऊक नाही. मी जाऊन पाहिलं. जायला नको होतं.

सत्यशीला म्हणाली, "अहो, एकदा त्या बंकटला विचारलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?" बायकोला वन्यजीवांतलं काय कळतं, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

१२ जानेवारी २०२५

ठराव : समितीच्या विनंतीवरून मेंढरांना माळ खुला. विनंती करायला स्वतः तेलगावला गेलो. बंकट एका गोदामावर राखणदार आहे. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. मी म्हणालो, माळ मोकळा केलाय, चल. तो म्हणाला, "मेंढरं कुठं हायत मालक? चारायला जागा न्हाई, विकली समदी बाजारात."

रतनबाईने चहा दिला. "लेकरा, लई उशीर केलास," म्हणाली. पंचावन्नाव्या वर्षी मला कुणी लेकरू म्हणालं.

२७ एप्रिल, पहाटे पाच

आज फेरी झाली. अखेर.

फाटक सताड उघडं. आत वाळलेलं गवत छातीएवढं, त्यात काहीच हललं नाही. फाटकाबाहेरच्या मुरमावर मात्र एक टिटवी माझ्यावर धावून आली. पायाजवळ चार अंडी होती. थोडक्यात वाचली.

ओट्यातून तीन दगड उपसले. पाटी आडवी झाली. होऊ दे. दगड अंड्यांभोवती मांडले, बंकट मांडायचा तसे, आणि लांब जाऊन बसून राहिलो. ऊन वर येईपर्यंत बसलो. मग लक्षात आलं, वळसा घालून जाणारं आता इथे कुणीच नाही.