सिरियल संपली की काय बोलायचं

३ जाने., शुक्र. दुक्म कॅम्प, ओमान

सकाळी घरी, माबेलाला फोन. बायकोशी, वैशालीशी, नेहमीचं: गॅस, गाडीच्या मुल्कियाची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, तारीख, तिच्या क्लिनिकमधला नवा मॅनेजर. मग फोन मुक्ताकडे गेला. "बाबा, काल पाहिलंस?" म्हटलं, पाहिलं. आणि मग पाऊण तास बोलत बसली. पाऊण तास! एरवी पोटच्या पोरीशी माझं बोलणं म्हणजे जेवलीस, हो, अभ्यास, चाललाय, बरं आईला दे.

सिरियल अमेरिकन. तळ्याकाठचं थंड गाव, एक कुटुंब, त्यांची फेरीबोट. बाप वॉल्टर, आई ग्रेस, मुलगी जून, मुक्ताएवढीच. गुरुवारी संध्याकाळी गल्फच्या इंग्लिश चॅनलवर. तिकडे मायलेकी बघतात, इकडे खोलीत मी आणि अन्वरभाई. अन्वरभाई श्रीवर्धनचा, साइटचं स्टोअर सांभाळतो, गोष्टीशी त्याला देणंघेणं नाही. फक्त बोट बघतो. "सुर्वे, ही गाठ बघ. असा दोर बांधला तर आमच्याकडे बोट सकाळी मुरुडला सापडेल."

१७ जाने.

मुक्ताकडून बातमी. वॉल्टरचं काम करणारा नट सोडून चालला. पैशांवरून फिसकटलं. आता तो कसा मरणार यावर तिच्या मैत्रिणींत पैजा लागल्यात. मी म्हटलं, काँट्रॅक्ट संपलं की माणूस एक्झिटवर मायदेशी जातो, त्यात काय नवल. इथे रोजच बघतो.

"बाबा, यू आर सो डार्क."

पण हसली.

७ फेब्रु.

वॉल्टर गेला. वादळात. काल एपिसोड संपल्या संपल्या तिचा फोन, शुक्रवारची वाट न बघता. हुंदके. शेवटी म्हणाली, "तुझ्या साइटवर असं नाही ना होत?" म्हटलं, नाही गं, आमच्याकडे समुद्र लांब आहे. (लांब कुठला. खिडकीतून दिसतो.)

मी गेलो तर एवढी रडेल का, असा एक विचार आला. खोडणार होतो. राहू दे.

७ मार्च

प्लांटचं शटडाउन सुरू, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्ती. ऐन रमजानात. ज्याने ही तारीख काढली त्याच्या हाती नारळ द्यावा. दिवसभर पाइपच्या वेल्ड तपासायच्या, खोलीवर येऊन बूट काढायचंही भान नाही. काल टीव्ही लावला, पलंगावर टेकलो, डोळे उघडले तेव्हा बातम्या चालू होत्या. अन्वरभाई म्हणाला, "रोजा माझा, आणि उपाशी झोपला कोण? तू."

फोनच्या आधी घाबरलो. खरंच घाबरलो. आता हिला काय सांगू? मग नेटवर बघितलं तर अमेरिकेतली एक साइट निघाली, प्रत्येक भागाची आख्खी गोष्ट लिहिलेली. कोण काय म्हणालं, कुठे रडलं, सगळं. दहा मिनिटांत वाचून काढलं.

मुक्ता खूश. मीही.

२१ मार्च

परत झोप. परत साइट. गाइड वाचून पास होणाऱ्या पोरांना आम्ही कॉलेजात हसायचो. आता स्वतःच.

आज मुक्ता म्हणाली, "बाबा, हल्ली तू किती डिटेलमध्ये बघतोस." अंगावर मूठभर मांस चढलं. लाज नंतर वाटली.

४ एप्रिल

ईदला माबेलाला जायचं होतं, रजा रद्द. सुपरवायझर म्हणतो, "शटडाउन खलास, देन गो होम." कधी खलास? "इन्शाल्ला, सून."

सिरियल बघून किती आठवडे झाले कोण जाणे. वाचतो मात्र नेमाने. अन्वरभाईला सांगितलं तर तो म्हणाला, "पोरीला सांगून टाक झोप येते म्हणून. झोप काय हराम आहे का?" त्याला काय कळणार. दमलेला बाप पोरीला नको असतो. दमलेला बाप फोनवर जेवलीस का विचारतो आणि संपतो.

१८ एप्रिल

पकडला गेलो.

तिने सहज विचारलं. "बाबा, जून एकदम का पळाली? नथिंग हॅपन्ड. ती बोटीपाशी आली आणि एकदम रडत बर्फातून पळाली. मी आणि आई दोघींना नाही कळलं."

मी आपला हुशारी दाखवायला, "अगं, आईला तिने केबिनच्या काचेतून तिच्या शाळेच्या हेडमास्तरबरोबर बघितलं ना. म्हणून." म्हणजे नेमकं काय बघितलं ते गाळलं, मुलीशी कसं बोलणार. पण सांगितलं.

"बाबा, ते इकडे दाखवलंच नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किसिंग सीन इकडे कट करतात. सगळ्या गल्फमध्ये. तुला कसं दिसलं?"

गल्फमध्ये आयुष्य गेलं माझं, हे मला कळायला हवं होतं. इथे नवरा-बायकोनेसुद्धा पडद्यावर लांबून बोलायचं असतं. अमेरिकेत लिहिलेली गोष्ट वाचून मी ओमानमध्ये पेपर सोडवत होतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, होमवर्क आहे. ठेवला.

२५ एप्रिल

आली नाही फोनवर. वैशाली म्हणाली, "तिने ती साइट शोधली. तुम्ही मागे जे जे बोललात ते तिथे शब्द न् शब्द आहे म्हणते. अहो, झोप लागली एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

उत्तर होतं, पण बायकोला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

९ मे

सिरियल बंद. मुक्ताचा मेसेज, नुसती बातमीची लिंक. खाली एक शब्द नाही. प्रेक्षक कमी झाले, चॅनलचा मालक बदलतोय, नवा मालक खर्च छाटतोय. पुढचा सीझन नाही. गोष्ट अर्धवटच टांगून ठेवणार म्हणे.

उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी "वाईट झालं" एवढंच पाठवलं. दोन निळ्या टिक आल्या, म्हणजे वाचलं तिने.

१६ मे. माबेला

शटडाउन संपलं, घरी. मुक्ता कानात हेडफोन घालून. समोर बसलो. मग बोललो एकदाचं, की मला झोप येते, बसल्या जागी येते, गोष्ट बघायची ताकद नव्हती. पण सिरियल नाही तर तू माझ्याशी बोलणार नाहीस असं वाटलं, म्हणून वाचत होतो.

तिने हेडफोन काढला. मराठी शोधत शोधत बोलली. "तू सांगायचं ना, मी झोपलो. मग मी तुला स्टोरी सांगितली असती. मला... मला आवडलं असतं सांगायला."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. कधीच. मला वाटायचं मीच काहीतरी घेऊन जायला हवं फोनवर, रिकाम्या हाताने कसं जाणार.

माफ केलं का ते विचारलं नाही. तिने हेडफोन परत घातला. वैशालीने आंबे चिरले होते. तिघांनी खाल्ले.

१८ जुलै. दुक्म

दोघी गुहागरला, सुट्टीवर. घर कुलूपबंद, म्हणून मीही गेलो नाही. फोन तुटक. तिकडे पाऊस आणि चुलत भावंडं. बापाला कोण विचारतो, आणि का विचारावं.

मी मात्र आता अमेरिकन टीव्हीचा जाणकार. सवय लागली वाचायची, सुटत नाही. आज वाचलं, तिकडचा एक खूप जुना गप्पांचा कार्यक्रम बंद करणार आहेत. लोक आता टीव्ही लावतच नाहीत, जो तो ॲपवर. मोठ्या मोठ्या कंपन्या एकमेकींना गिळतायत. अन्वरभाई म्हणाला, "चॅनल त्यांचं विकलं, तू का वाळतोस? तुझं काय गेलं?"

काय गेलं ते त्याला माहीत आहे. म्हणून विचारतो.

२२ ऑग.

मुक्ताचा फोन. तिने स्वतः लावलेला! शाळा सुरू झाली, दोघी माबेलाला परत. "बाबा, वाचली! ॲपने घेतली!" कोण बुडालं होतं, कोण वाचलं, क्षणभर कळेना. सिरियल. एका ॲपने शेवटचे सहाच भाग काढायचे ठरवलंय, गोष्ट पुरी करायला. ऑक्टोबरपासून, दर शुक्रवारी.

"या वेळी एकत्र बघू या. फोन चालू ठेवून. चीटिंग नाही."

चीटिंग नाही, म्हटलं.

३ ऑक्टो.

पहिला भाग. दुपारी जेवून. तिकडे त्या दोघी, इकडे मी, फोन उशीवर. तीन, दोन, एक म्हणून एकदम लावलं. कॅम्पचं नेट रखडतं, म्हणून माझी ग्रेस तिच्या ग्रेसच्या मागे. तिकडे मुक्ता आधी हसते, मग मला विनोद कळतो.

आणि ॲपवर काही कापत नाहीत! ग्रेस आणि हेडमास्तर. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत होतो. फोनमधून वैशालीचा आवाज, "अगं बाई." मग मुक्ता, गंभीरपणे, "बाबा, हे तुला आधीच माहीत होतं."

कधी नव्हे इतका हसलो. अन्वरभाई बाथरूममधून ओरडला, काय झालं.

१७ ऑक्टो.

झोप लागली. मध्येच. फोनमधून, "बाबा. बाबा. झोपलास?"

"नाही."

"घोरत होतास. थांब, मी सांगते." आणि सांगितलं. इंग्रजीत सुरुवात, मग मराठीत, मग अडली की परत इंग्रजीत. मी डोळे मिटून ऐकत होतो. एपिसोडपेक्षा चांगलं होतं ते.

पुढच्या आठवड्यात दिवाळी, रजा नाही. फराळाचा डबा एकाच्या गाडीतून येतोय.

७ नोव्हें.

संपली. बोट विकली त्यांनी, जून कॉलेजला गेली दूर. शेवटी नुसतं तळं. नावं वर सरकत राहिली. तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. मलाही भरून आलं, उगीच कशाला खोटं बोलू.

"ओके बाबा. बाय."

"बाय."

१४ नोव्हें.

शुक्रवार आणि काही नाही. फोन लावला. ती मैत्रिणीकडे निघाली होती. जेवलीस? हो. अभ्यास? चाललाय. बरं, आईला दे.

वर्षभर ज्याला भीत होतो ते इतक्या साध्या आवाजात आलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दिवसभर डोक्यात तेच.

२१ नोव्हें.

सकाळी फोन केला नाही. काय बोलणार. दुपारी तिचाच आला.

"बाबा, बोल."

"तू बोल."

"माझ्याकडे काही नाही."

"माझ्याकडेही नाही गं."

बराच वेळ दोघंही गप्प. आता ठेवेल, म्हणून मी वाट बघत होतो. मग म्हणाली, "ठेवू नकोस. मी मॅथ्स करते. तू तुझं काहीतरी कर."

मग मी उद्याचे कपडे इस्त्री केले. फोन इस्त्रीच्या टेबलावर. तिकडे पान उलटल्याचा आवाज, पेन्सिल, मध्ये मध्ये स्वतःशीच पुटपुटणं. एकदा म्हणाली, "बाबा?"

"काय?"

"काही नाही. चेक केलं."

दुसरी पँट करत होतो. मान वर केली तर फोन बंद. वारा सुटलाय, इथे वारा सुटला की लाइन जाते. किंवा तिचं गणित संपलं असेल आणि तिने ठेवला असेल. दोन्ही होऊ शकतं. परत लावायला हात गेला, पण ठेवला असेल तर? पँट पुरी केली.

अन्वरभाई जेवायला चल म्हणतोय. म्हटलं, तू हो पुढे. मेसमध्ये रेंज नसते.