पोरीला की पायताण

आबा,

संगणक म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. सांगितलं तरी तुम्ही "बघू" म्हणाल आणि तंबाखू मळायला घ्याल. टीव्ही आणि टंकयंत्र यांचं लग्न लावलंय आणि दोघांनाही वाटतं की आपल्यालाच सगळं कळतं, एवढं समजलं तरी पुरे. आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत असा एक आलाय. त्याच्यावर मी दर आठवड्याला तालुक्यातल्या मोठ्या माणसांची सालं काढतो. येत्या दोन हजार सालात जगातले सगळे संगणक एका रात्रीत वेडे होणार, ही बातमीसुद्धा आम्ही त्याच्यावरच जुळवली. त्यानं निमूटपणे छापू दिली. अशा यंत्रावर विश्वास कसा ठेवावा? आणि नेमकं त्याच्याच पोटात मला आक्काच्या लग्नाची कॅसेट घालायची होती.

कॅसेटला पांढरी बुरशी धरलीय. व्हीसीआर ती मधेच चावतो, मग पेन्सिल घालून फीत गुंडाळत बसायचं. एकदा संगणकात उतरवून घेतली की हजारदा बघा, झिजत नाही, असं ते उतरवायचं यंत्र विकणारे सांगतात. विकणारे काय, मेंढा दुभता आहे असंही सांगतील. पण त्या कॅसेटीत तुम्ही आहात. तुमचे फोटो आहेत चार-दोन, सगळ्यांत तुम्ही फोटोवाल्यानं काही चोरलं असावं तसे त्याच्याकडे बघताय. हलणारे बोलणारे तुम्ही मात्र तेवढ्या एकाच ठिकाणी आहात, आणि तेही पुरते बोलणारे नाही. पाठवणीच्या वेळचा सगळा आवाज पुसून स्टुडिओवाल्यानं वर रडकं गाणं बसवलं. शिवाय तुमचा चेहरा एका बदामात घातला आणि बदामाभोवती गुलाब उमलवले. त्या बदामात, फेट्याखाली, तुमचे ओठ हलतात. दोन शब्द. आणि कॅमेरा फुलं लावलेल्या जीपकडे वळतो.

ते दोन शब्द कोणते, यावर वरकुट्यातलं एक घर उभं आहे. आक्काची सासू दर दिवाळीला व्हीसीआर भाड्यानं आणायला लावायची, सगळ्या जावांना समोर बसवायची आणि तुमचं तोंड हललं की काचेवर बोट ठेवायची. "ह्ये बघा, इवाई काय म्हणतोय. पोरीला सांभाळा. त्येनं शब्द टाकला आन् गेला बिचारा. आता सांभाळाय नगं का?" तुम्ही गेल्यावर तर त्या शब्दाला देवघरातल्या टाकाची किंमत आली. आक्काला पहिल्या तिन्ही पोरीच झाल्या, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली होती. म्हातारीनं भर चौकात ती कॅसेट लावली आणि कुजबुज बंद केली. तीच म्हातारी आता अंथरुणाला खिळलीय. डोळे मंदावलेत, आणि तिचा एकच हेका आहे, इवायाला एकदा दाखवा. म्हणून आक्का कॅसेट पदरात गुंडाळून बारामतीला माझ्याकडे आली.

माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती तुमच्याकडूनच आलीय. मला संशय येतो. तुम्ही लग्नात गेलात की एक पायताण लिंबाखाली काढायचात आणि दुसरं पार आचाऱ्याच्या चुलवणापाशी. "चोराला जोडी लागती, एक न्हेऊन काय डोस्क्यावर ठेवंल?" आणि आक्काच्या लग्नासाठी तुम्ही नवं करकरीत पायताण करून घेतलं होतं. सणसरच्या मांडवात माणसापेक्षा तेच जास्त बोलत होतं. पाठवणीला मी तुमच्या व्याह्यांच्या शेजारी उभा होतो. तुम्ही आमच्या दिशेनं बघून काहीतरी म्हणालात, बँडवाला माझ्या कानाशी छाती फुटेस्तोवर फुंकत होता, मला अक्षर ऐकू आलं नाही. व्याही तर कानानं अधूच. मग सांगा, तुम्ही त्यांना म्हणालात की मला? "पोरीला सांभाळा" की "पायताण सांभाळ"? दोन्हीकडे आधी ओठ मिटतात, दोन्हीकडे शेवटी "सांभाळ" येतं. फरक एवढाच की "पो" म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि "पा" म्हणताना तोंड उघडतं. मी आरशासमोर उभं राहून बघितलंय. बायकोला वाटलं दात दुखतोय.

हा शोध मी एकदा हसत हसत आक्काला सांगितला होता. ती हसली नाही. "तू गावाची सालं काढ. माझ्या बापाची काढू नगंस," म्हणाली. मग बराच वेळ शेंगा निवडत राहिली आणि खालच्या मानेनंच म्हणाली, "मी तितं त्या एका शब्दावर नांदले, रं."

तरी संपादकांची परवानगी घेऊन मी कचेरीच्या संगणकासाठी यंत्र निवडायला निघालो ते तुमच्याच पद्धतीनं. बाजारात मेंढा घेताना तुम्ही त्याचे दात नंतर बघायचात. आधी धन्याला विचारायचात, "तू सोडलायस का ह्याला तुझ्या कळपात?" आणि तो उत्तर देत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचा नाहीत. मला कोपरानं ढोसायचात. "त्वांड काय बी बोलंल. हात कुठं जातोय त्ये बघ."

बारामतीच्या दुकानदाराच्या गळ्यात टाय आणि पायात स्लिपर. त्याच्याकडचं यंत्र म्हणजे एक हिरवी पट्टी, संगणकाचं पोट उघडून आत बसवायची. "एकदम क्लिअर, सर. परदेशी माल." मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट घातलीय का ह्यात?" त्याचा हात टायकडे गेला. "आमच्या वेळी नुसते फोटोच होते, सर." गल्ल्यामागून त्याची बायको म्हणाली, "आवो, खोटं कशाला? कपाटात हाय की कॅसेट!" मग त्यानं कुणाच्या तरी लग्नाचा नमुना दाखवला. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठं केलं की नवरी कळसूत्री बाहुलीसारखी झटके देत चालत होती, आणि नवऱ्याच्या नाकाखाली तोंडाऐवजी नुसता काळपट डाग. मी मनात म्हटलं, हा मेंढा खच्ची आहे.

मग इंदापूर गाठलं. तिथला फोटोवाला लग्नांचं शूटिंग करतो, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे बाहेरून जोडायची पेटी होती. मी तोच प्रश्न टाकला. "व्हय तर!" तो म्हणाला. "पयली आमचीच घातली. दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नावर परयोग करायचा व्हय?" दोन्ही हात समोर, उघडे. त्यानं स्वतःचा निकाह लावला. चित्र असं की अत्तरदाणीवरची नक्षी मोजावी. जेवणाच्या पंगतीत एक दाढीवाला वृद्ध, ओठ हलतायत. "ह्ये आमचं अब्बा. आता न्हाईत. आमच्याकडं बी शूटिंगवाल्यानं गाणंच घातलं हुतं. समदं घर म्हणायचं, अब्बा दुवा मागत्यात. ह्या पेटीत घातलं, एक एक चित्र थांबवून बघितलं. तुमी बी बघा." त्यानं कळ दाबत दाबत ओठ पुढे नेले. वाचता येत होतं, आबा. मीठ कमी हाय.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो थांबला. "अम्मीनं त्या दिसापास्नं ती कॅसेट लावाय सांगितली न्हाय."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"मला कशाचं? अब्बा तसंच हुतं. पर अम्मीला दुवा पायजे हुती ना." मग पेटीवर थाप मारून म्हणाला, "तुमची आणलीय का? लावू की आत्ताच."

मी म्हणालो, घरीच राहिली.

परत आलो आणि बारामतीची हिरवी पट्टी घेतली. तीतून कॅसेट एकदाच गेली आणि शेवटाला फीत तुटली. सीडी करून वरकुट्याला नेली, म्हातारीच्या खाटेसमोर टीव्ही ओढला. गाणं सुरू झालं, गुलाब उमलले, बदामात तुम्ही आलात. नाकाखाली एक काळपट डाग थरथरला. म्हातारीनं हात उचलला, आक्कानं तो धरून काचेपर्यंत नेला. "म्हणतोय बघ," म्हातारी म्हणाली. "पोरीला सांभाळा." मंद डोळ्यांना दिसलं ते आमच्या चांगल्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आक्का मला सोडायला दारापर्यंत आली. "चांगलं बघून यंत्र आणलंस," एवढंच म्हणाली. ती तुमचीच लेक आहे. तिच्या बोलण्याचाही मला आता संशय येतो.

संपादकांना मी सांगितलं की पेटी आपल्या संगणकाला जुळत नव्हती. त्यांनी मान डोलावली. ज्यांना मी आठवड्यातून एकदा खोटारडे म्हणतो, तेही असंच न अडखळता बोलतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगतो. इंदापुरात कॅसेट माझ्या पिशवीत होती. घरी राहिली म्हणताना माझा हात पिशवीच्या तोंडावर होता, घट्ट. फोटोवाल्याला काही दिसलं नाही. तुम्ही मात्र शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं असतं.