लिंबाएवढा दगड आणि खंडाचा तळ

मी, खाली सही करणारी, खडकांच्या शास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, विद्यार्थ्यांमध्ये 'गाभेबाई' म्हणून ओळखली जाणारी, ऐंशीच्या पुढची, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी खुशीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हृदय रेंगाळत चालतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. डोकं ठणठणीत आहे, आणि जीभ तपासायची कोणाची छाती झालेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले. राहतं घर माझ्या पश्चात मुलीला मिळावं. तिने ते खुशाल पाडावं, वाढवावं, भिंती हलवाव्यात. 'आईची आठवण' म्हणून जसंच्या तसं ठेवण्याचा खुळेपणा करू नये. जमिनीखाली दोनशे किलोमीटरवर काय काय बदलतं हे मी जन्मभर शिकवलं. माझ्या मुलीने स्वयंपाकघरातला कोनाडा बुजवायला कचरावं, हे मला खपणार नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. मुलगा म्हणेल, "ताईलाच दे सगळं, मला काय करायचंय!" त्याचं ऐकू नये. तो लहानपणापासून आधी नको म्हणतो आणि मग रुसून बसतो.

कलम तिसरे. दगड घासायचं यंत्र 'पापुद्र्या'ला द्यावं. आमच्या प्रयोगशाळेत तो दगडाची चकती इतकी पातळ घासायचा की तिच्यातून उजेड पलीकडे जायचा, म्हणून हे नाव. विभागाने यंत्र भंगारात काढलं तेव्हा मी ते टेम्पोत घालून घरी आणलं. त्याचा पट्टा सैल आहे. विभागप्रमुखांना माझ्याकडून काहीही नाही. माझ्या निरोपसमारंभात ते तासभर स्वतःबद्दलच बोलले.

कलम चौथे. कपाटातला लिंबाएवढा दगड भावोजींना मिळावा. हे कलम नीट वाचावं.

भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. तेही याच शास्त्रातले, माझ्या समोरच्याच खोलीत बसणारे. यजमान दातांचे डॉक्टर. जेवताना आमचं जुंपलं की ते म्हणत, "खंडाचं व्हायचं ते होवो, जेवण गार होतंय." भांडण होतं ते असं. प्रत्येक खंडाच्या पोटात एक जुनापुराणा गाभा असतो, दोन-तीनशे कोटी वर्षांचा. तो थंड, कोरडा आणि हलका, खाली खोलवर जाड तळ असलेला. म्हणून तो टिकतो. पण काही ठिकाणी हा तळ निम्म्याहून जास्त नाहीसा झाला आहे. कसा? भावोजी छातीठोकपणे सांगतात, की तळ जड झाला आणि एकदम गळून पडला. मी म्हणते, की शेजारचा समुद्रतळ खाली बुडताना त्याच्यातलं पाणी वर झिरपलं, गाभा मऊ पडला आणि खालून थोडाथोडा झिजत गेला. एवढ्यासाठी आम्ही परिषदांमध्ये नाकावर टिच्चून एकमेकांविरुद्ध बोललो, आणि संध्याकाळी एकाच गाडीने घरी आलो.

हा दगड ज्वालामुखीने त्या तळातून वर आणलेला आहे. त्यातले कण आत जुने आणि कडेला बदललेले निघाले तर माझं खरं. सगळेच कोवळे निघाले, तर जुना तळ पडला आणि त्या जागी नवा आला, म्हणजे भावोजींचं खरं. पण हा दगड जिथे मिळाला ती खाण आता बुजली, वर वसाहत झाली, आणि हा तिथला शेवटचा दगड. शेवटचा दगड कापायचा नाही, पुढच्यांसाठी ठेवायचा, असा आमच्या प्रयोगशाळेचा दंडक. तो आम्हीच दोघांनी घातला आणि दोघंही त्याला चिकटून आहोत. मी गेल्यावर तो दंडक सुटला असं समजून भावोजींनी दगड कापावा. उत्तर मला कळणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू?

सही: गाभेबाई. साक्षीदार: १) धाकटे दीर. २) डॉक्टरीणबाई.

पुरवणी

वरच्या सह्या झाल्या तेव्हा पेन डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं. भावोजींनी ते ओढून घेतलं आणि पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय केलंत? ज्याला यातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. आता दगड तुम्हाला मिळायचा नाही."

"ठाऊक आहे मला," भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही गेल्यावर उत्तर मिळालं तर मी सांगू कुणाला? भांडू कुणाशी? कापायचा तर तुमच्या देखत."

"आणि दंडक?"

"आपणच घातला ना? मग मोडूही आपणच."

मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मी वकीलबाईंनाच मिठी मारली.

पापुद्र्याने दगड कापला, घासला. सूक्ष्मदर्शकाला डोळा आधी भावोजींनी लावला. मीच लावू दिला. त्यांनी चकती दोनदा फिरवून पाहिली. "वहिनी," ते म्हणाले, "आत जुना आहे. कडेनेच बदललाय. तुमचं खरं निघालं." हा दिवस आला तर टाळ्या पिटायच्या, असं मी ठरवलं होतं. मी रडले. भावोजींनी खुर्ची पुढे सरकवली, मी बसले, आणि मग मी स्वतः पाहिलं.

सबब कलम चौथे रद्द समजावं. या मृत्युपत्राने भावोजींना काहीही मिळत नाही. त्यांच्याकडून मला जे हवं होतं, ते त्यांनी माझ्या हयातीत दिलं.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक: वकीलबाई घालतील तो.

सही: गाभेबाई.

साक्षीदार: १) डॉक्टरीणबाई. २) धाकटे दीर. यांनी सहीखाली "एका दगडापुरतं मान्य" असं लिहिलं आहे, ते कायदेशीर धरू नये.