डाव्या कानासाठी

प्रिय प्रणय,

माझं आयुष्य कधी बदललं असं कुणी विचारलं, तर तुला वाटेल मी कॉलेजच्या सायकल स्टँडवरची ती दुपार सांगेन. त्या दुपारी फक्त बिघडलं. बदललं ते अकरा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, तू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिलास तेव्हा. डाव्या कानात कापूस, हातात दवाखान्याची फाइल. मला वाटलं तू पोलिस घेऊन आलास. मी जिन्यात वाकून बघितलंसुद्धा. आणि तू म्हणालास, "बघतोस काय गोक्या, गाडी काढ. कान तू फोडलास, तर दवाखान्यात पण तूच नेणार."

दोन वर्षं झाली, त्या दुपारबद्दल आपण कधी बोललो नाही. आज लिहितोच. तू मला बाजूला घेतलंस आणि हळू आवाजात सांगितलंस की विशाखाच्या मनात माझ्याबद्दल तसं काही नाही, तिनंच तुला हे सांगायला पाठवलंय, मी राग मानू नये. मी एवढंच ऐकलं की ती तुझ्याशी बोलली. पुढचं माझ्या हातानं ऐकलं. तुझ्या त्या कानावर नीट पडलेली शेवटची गोष्ट म्हणजे माझी शिवी. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये तू सरळ सांगितलंस, पायरीवरून घसरलो. मला तेही सोसलं नाही. "खोटं बोलतोय हा, मी मारलंय त्याला," असं ओरडून मी ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून बाहेर पडलो. तेव्हा वाटलं होतं, लई खरं वागलो. खरं म्हणजे तू मला वाचवतोयस हे माझ्या डोक्याला झेपलं नव्हतं, एवढंच.

दवाखान्यातलं तुला किती आठवतंय माहीत नाही. डॉक्टरांनी शाळेत असतो तसला नादकाटा वाजवून तुझ्या डाव्या कानापुढं धरला. तू खांदे उडवलेस. मग त्यांनी त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला आणि तू एकदम ताठ झालास. "अरे, इथून येतंय की!" डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, आतली नस चांगली आहे. पुढं ऑपरेशन झालं, बसवलेलं कातडं धरलं नाही, ते सगळं तुला माहीतच आहे. मला मात्र तुझा तो चेहरा राहिला. परत येताना तू मागं बसून म्हणालास, "शिव्या द्यायच्या असतील तर उजवीकडून देत जा, डावीकडच्या वाया जातात." मला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात तू गाडी दौलताबाद रोडला वळवायला लावलीस, आणि पडेगावात तुझ्या आजोबांच्या पत्र्याच्या शेडपुढं थांबवलीस.

तात्यांशी माझी ओळख करून देताना तू म्हणालास, हा माझा मित्र गोकुळ, सोयगावचा, सध्या मोकळा आहे, हात मजबूत आहेत. तात्यांनी तुझ्या कापसाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. "मजबूत हायेत व्हय? बरं." एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, आता हौस म्हणून जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं जिवंत करत बसतो, हे मला तेव्हा खूळच वाटलं. आत ती प्लायमाउथ उभी होती. कधीकाळी साहेब लोकांना अजिंठ्याच्या लेण्यांकडं न्यायची, मग फर्दापूरला एका हॉटेलामागं पडून राहिली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन, पार जाम. तात्यांनी प्लग काढून प्रत्येक भोकात तेल सोडलं आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस हिच्याकडं बघायचं नाय." मला कुठले निघायला पंधरा दिवस! आठव्या दिवशी ते जेवायला गेले, तेवढ्यात मी पान्याला चार फुटी पाइप लावून हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, बोल्ट ओढला. कडकन आवाज झाला. अर्धा बोल्ट माझ्या हातात आणि अर्धा खाली इंजिनाच्या ब्लॉकमध्ये.

तात्या आले, वाकून बघितलं आणि हात धुवायला गेले. परत येऊन माझ्या हातात बारीक ड्रिल दिलं. "तोडला तू, काढणार तूच." अगदी तुझंच वाक्य! तुमच्या घरात हे वाक्य वाटून देतात का रे? तो तुकडा काढायला मला पाच रविवार लागले. ड्रिल जरा तिरकं गेलं असतं तर ब्लॉकच गेला असता. चौथ्या रविवारी मी ड्रिल भिंतीवर फेकणार होतो. हात वर गेला, आणि तसाच खाली आणला. तात्या स्टुलावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "हां. आज काम झालं." मी म्हटलं, अजून तर तुकडा आतच आहे. तर म्हणाले, "त्याचं नाय बोललो मी."

आठवडाभर मी गॅरेजात रिक्षा दुरुस्त करतो, ते पोटासाठी. रविवार मात्र तात्यांचा आणि प्लायमाउथचा. आईला अजून वाटतं मी परत कॉलेजात जाईन. बाहेरून परीक्षा द्यायचा अर्ज मी परवा आणलाय, हे तिला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय. आणि विशाखाचं विचारशील तर, खोटं कशाला बोलू, अजून जीव तिथंच अडकलाय. फोनवर नंबर काढतो, बघतो, ठेवून देतो. लावत नाही. तो बोल्ट काढताना एक दिवस अचानक डोक्यात आलं, की तिनं स्वतः न सांगता तुला का पाठवलं असेल. ती मला घाबरत होती, प्रणय. जिच्यासाठी मी तुला मारलं, ती मला घाबरत होती. त्या दिवशी मी ड्रिल ठेवून शेडबाहेर जाऊन बसलो होतो. तिला मी त्रास देणार नाही. कधी ती भेटली तर एवढंच सांग, की गोकुळनं तिचे आभार मानलेत, कशाबद्दल ते तिनं विचारू नये.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. फोनवर तुला सांगितलं, पण सगळं नाही. सुरू झालं, तर आतून टकटक ऐकू यायला लागली. तात्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर आणला, टोक ब्लॉकवर ठेवलं आणि मूठ माझ्याकडं केली. मी ती कानात घालायला गेलो. "कानात नाय रे येड्या, कानामागच्या हाडाला लाव." लावली, आणि अख्खं इंजिन माझ्या डोक्यात उतरलं. कुठला व्हॉल्व्ह बसतोय, कुठला वाजतोय, वेगळं वेगळं. मी तसाच उभा राहिलो, कारण मला तुझा दवाखान्यातला चेहरा दिसला. तात्यांनी इंजिन बंद केलं. "काय, डॉक्टरचा काटा आठवला?" मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय मला. प्रण्यानंच सांगितलं. म्हणला, तात्या, त्याला हाकलू नका." दोन वर्षं त्या माणसानं मला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली, आणि त्याला सगळं माहीत होतं.

तेव्हापासून मी कानात कापसाचे बोळे घालून ते इंजिन ऐकतोय. हाडातून सगळं येतं. दोन वर्षांत मी तुला एकदाही 'चुकलो' म्हटलं नाही. म्हणायचं तर तुझ्या उजव्या कानात म्हणावं लागलं असतं, आणि त्याचं मी काही बिघडवलेलं नाही. म्हणून हे पत्र. आज तू पुण्याहून आलायस, दहाला तात्यांबरोबर शेडवर येशील. मी नसेन. मी समोर असलो की काही ऐकू न येताही तू हसून म्हणशील, आलं आलं, मस्त. पायरीवरून घसरणारा माणूस तू. म्हणून मी व्हॉल्व्ह उघडणारं एक टॅपेट मुद्दाम किंचित सैल ठेवलंय, तेवढंच वाजतं. तात्या कुरकुरले, "चांगलं जमल्यालं बिघडवतो व्हय?" आणि मग स्वतःच पाना काढून दिला. सहापैकी कुठल्या सिलिंडरचं, ते इथं लिहीत नाही. आधी दोन्ही दारं उघड, धूर कोंडतो. बाह्या वर कर, पंखा जवळ आहे. उजव्या कानात कापूस घाल, स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लाव आणि टोक सहाही सिलिंडरवर टेकवून ऐक. वाजणारं सापडलं की तिथं खडूनं फुली मार. संध्याकाळी येऊन मी तेवढीच बघेन. नाहीच सापडलं, तर फुली मारू नकोस. एवढं एकदा खरं वाग माझ्याशी. चुकलो रे प्रणय. आणि त्या सकाळी दारात आलास, त्याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. साडेनऊ वाजलेत. पत्र बॉनेटवर ठेवतोय, उडू नये म्हणून वर स्क्रूड्रायव्हर आणि खडू. किल्ली गाडीलाच आहे. निघतो, बाहेरून दार ओढून घेतो. कडी लावलेली नाही.

डावी-उजवीकडून तुझाच,
गोकुळ